सुटे दाणे, शिवलेली पोती: हॅस्केलमधल्या अनबॉक्स्ड आकड्यांवर एवढी बंधनं का?

लातूरच्या मोंढ्यात हमालाला पोत्यात काय आहे हे विचारावं लागत नाही. सोयाबीन असो, तूर असो, हरभरा असो, पोतं शिवलेलं आहे एवढं त्याला पुरतं. हुक लावायचा, पाठीवर घ्यायचं, थप्पीला नेऊन लावायचं. आत काय आहे ते ज्याला दळायचंय किंवा पेरायचंय त्यानं सुतळी तोडून बघावं. पण त्याच हमालापुढं कुणी ताडपत्रीवर सुटा ढीग ओतला आणि म्हणालं, "हे उचल," तर हुक काय कामाचा? आता खोरं लागणार, टोपलं लागणार, माल किती आहे आणि कुठं टाकायचा हे आधी कळावं लागणार.

माझे वडील एका आडत दुकानात मुनीम होते. शाळा सुटली की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. पुढं पोटापाण्याला सॉफ्टवेअर आलं, त्यातही हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली. या भाषेत अनबॉक्स्ड, म्हणजे डब्यात न ठेवलेल्या सुट्या, आकड्यांवर बरीच बंधनं आहेत आणि ती मला नीट कळली ती त्या ओट्यावरच्या आठवणींमुळं. म्हणून त्याच वाटेनं सांगतो.

निमित्त भाच्याचं. तो नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा मोंढ्यातल्या वजनांची बेरीज करणारा एक छोटा प्रोग्रॅम हॅस्केलमध्ये लिहीत बसला होता. लाखो नोंदी, प्रोग्रॅम रखडत होता. कुठंतरी त्यानं वाचलं की 'इंट' हा पूर्णांकाचा साधा प्रकार जड असतो, 'इंट#' वापरला की वेग येतो. ('इंट हॅश' असं वाचायचं. नावाच्या शेपटीला # लावलं की तो कच्चा, सुटा आकडा.) त्यानं सरळ सगळीकडं 'इंट' खोडून 'इंट#' केलं. कंपायलरनं, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमनं, पहिल्याच ओळीला अडवलं. संदेशाचा अर्थ असा: लिस्टच्या आत लिफ्टेड प्रकार हवा, इंट# तर अनलिफ्टेड आहे.

"मामा, हे बघा की काय म्हणायलंय. आकडाच आहे ना तो? मग लिस्टमध्ये का घेईना झालंय?"

प्रश्न रास्त होता. उत्तराला मात्र संध्याकाळ गेली.

आधी भाषेविषयी थोडं. हॅस्केलची पहिली अधिकृत व्याख्या 1990 साली आली. नाव हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं. तिचा आज सर्वांत जास्त वापरला जाणारा कंपायलर ग्लासगो विद्यापीठात जन्मला, म्हणून त्याच्या नावात ग्लासगो आहे आणि त्याला जीएचसी म्हणतात. या भाषेचा स्वभावच 'लागेल तेव्हा बघू' असा आहे. 'क्ष म्हणजे अमुक गणित' असं लिहिलं की गणित तिथल्या तिथं होत नाही. मेमरीत एक चिठ्ठी ठेवली जाते: हे गणित करायचंय, त्याला लागणाऱ्या गोष्टी अमुक ठिकाणी आहेत. या चिठ्ठीला थंक म्हणतात.

दुकानात भिंतीवरच्या तारेला अशाच चिठ्ठ्या टोचलेल्या असायच्या. 'रेणापूरची वीस पोती तूर, लागली की टेम्पो पाठवणे.' गिऱ्हाईक आलं की टेम्पो जायचा, माल गोदामात पडायचा आणि वडील त्याच चिठ्ठीवर आडवी रेघ मारून 'गोदाम, तिसरी थप्पी' असं लिहायचे. दुसऱ्या दिवशी कुणी तीच चिठ्ठी काढली तर टेम्पो पुन्हा जात नसे. हॅस्केल हुबेहूब हेच करते. गणित एकदा झालं की थंकच्या जागी उत्तराचा पत्ता लिहिला जातो, पुढच्या प्रत्येकाला तयार माल मिळतो. काही चिठ्ठ्या तारेवर तशाच राहायच्या, कुणाला लागायच्याच नाहीत. आणि एखाद्या चिठ्ठीचा माल कितीही वाट बघितली तरी यायचाच नाही. प्रोग्रॅममध्येही असं गणित असतं, जे कधी संपत नाही किंवा मध्येच कोसळतं. 'न येणारा माल' हीसुद्धा ज्या प्रकाराची एक शक्य किंमत धरली जाते, तो प्रकार लिफ्टेड. हा शब्द पुढं लागणार आहे.

आता पोतं. जीएचसीमधला साधा 'इंट' म्हणजे एका डब्यात ठेवलेला कच्चा आकडा. 64 बिटांच्या मशीनवर त्या डब्याला 16 बाइट लागतात: 8 बाइटची ओळख, डब्यात काय आहे ते सांगणारी, उरलेल्या 8 बाइटमध्ये खुद्द आकडा. लिस्टमधल्या प्रत्येक कडीला वेगळे 24 बाइट: एक ओळख, एक पत्ता आकड्याच्या डब्याचा, एक पत्ता पुढच्या कडीचा. म्हणजे एका आकड्यामागं 40 बाइट. एक कोटी वजनांची लिस्ट मेमरीत पूर्ण उभी राहिली तर 40 कोटी बाइट, जवळजवळ 400 मेगाबाइट. तेच आकडे सुटे, एकाला एक लागून ठेवले तर 80 मेगाबाइटमध्ये बसतात. बारदान्याचं वजन मालाच्या चौपट झालं! भाच्याला आलेला मोह चुकीचा नव्हता.

1991 साली सायमन पेटन जोन्स आणि जॉन लाँचबरी या दोन संशोधकांनी यावर एक शोधनिबंध लिहिला. त्याआधीही कंपायलर पोती सोडत-शिवत होतेच, पण ते काम यंत्राचा कोड तयार होताना, पडद्याआड चालायचं. या दोघांनी सुटा आकडा हा भाषेतलाच एक प्रकार करून टाकला. 'इंट' म्हणजे 'इंट#' भोवती शिवलेलं पोतं, हे भाषेतच लिहिता यायला लागलं. त्याचा फायदा मोठा होता. एका हातानं पोतं शिवायचं आणि दुसऱ्या हातानं लगेच सोडायचं, असा प्रकार कंपायलरला आता दिसायला लागला आणि नेहमीच्याच नियमांनी तो काढून टाकता यायला लागला. मला स्वतःला हा या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो: लपवलेली गोष्ट उघडी मांडली आणि ती सुधारणं सोपं झालं.

पण उघडी मांडली की तिचे निर्बंधही उघडे पडतात. भाच्याला मी म्हटलं, नियम पाठ करू नकोस. पोतं तुला दोन गोष्टी फुकट देतं. पहिली, आत काहीही असो, उचलायची रीत एकच. दुसरी, पोत्याऐवजी चिठ्ठी दिली तरी चालतं. पोतं काढलंस की दोन्ही जातात. तुला अडवणारा प्रत्येक नियम या दोनपैकी एका ठिकाणाहून येतो.

पहिली गोष्ट आधी घेऊ. हॅस्केलमध्ये 'कोणत्याही प्रकारासाठी' चालणारी फंक्शन भरपूर असतात. लिस्ट उलटी करणारं फंक्शन घ्या. लिस्ट आकड्यांची आहे, नावांची आहे की लिस्टचीच लिस्ट आहे, त्याला कर्तव्य नाही. जीएचसी अशा फंक्शनचा यंत्रासाठीचा कोड एकदाच तयार करतो आणि तोच सगळ्यांना वापरतो. हे जमतं कारण प्रत्येक वस्तू त्याच्यापर्यंत एकाच रूपात येते: 8 बाइटचा पत्ता, ठरलेल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या हाताशी असलेल्या छोट्या घरात. हमालाचा हुक तो हाच.

आता त्याला 'डबल#', म्हणजे सुटा दशांश आकडा द्या. दशांश आकडे प्रोसेसरमध्ये वेगळ्याच रजिस्टरमध्ये राहतात. फंक्शन बिचारं नेहमीच्या रजिस्टरमध्ये पत्ता शोधणार आणि तिथं आधीच्या कुठल्यातरी कामाचा उरलेला कचरा असणार. 'इंट#' तर याहून फसवा. तो नेहमीच्याच रजिस्टरमध्ये येतो, 8 बाइटचाच असतो, पत्त्यासारखाच दिसतो. "मग तो तरी चालायला हवा," भाचा म्हणाला. इथं मी वही घेतली आणि लिस्टची एक कडी काढून दाखवली. तीन घरं. पहिल्या घरात ओळख, आणि त्या ओळखीत लिहिलेलं असतं की पुढची दोन्ही घरं पत्त्यांची आहेत. अधूनमधून गार्बेज कलेक्टर मेमरी झाडायला निघतो. कोणती वस्तू अजून कामाची आहे हे तो पत्त्यांचा माग काढत शोधतो. कडीच्या दुसऱ्या घरात सुटं वजन ठेवलं, समजा 4250, तर तो त्याला पत्ता समजून मेमरीच्या 4250व्या बाइटवर जाणार. तिथं आपलं काहीच नाही. प्रोग्रॅम जागच्या जागी मरणार, तोही बेरीज करताना नव्हे, भलत्याच वेळी. अशी चूक शोधताना माणूस रडकुंडीला येतो. कंपायलर आधीच अडवतो ते आपल्या भल्यासाठी.

ज्यांनी जावा शिकलीय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथंही साध्या 'इंट'ची जेनेरिक लिस्ट करता येत नाही, 'इंटीजर' लागतो. सी प्लस प्लस आणि रस्टनं दुसरी वाट धरली: प्रत्येक प्रकारासाठी फंक्शनची वेगळी प्रत. ओकॅमलनं तिसरी: आकड्यातला एक बिट खुणेसाठी राखून ठेवला, त्यामुळं तिथला नेहमीचा पूर्णांक 64 बिटांच्या मशीनवर 63 बिटांचा असतो. प्रत्येकानं काहीतरी मोजलंय.

याच कारणानं बेरजेचं नेहमीचं चिन्हही सुट्या आकड्यांना चालत नाही. अधिक हे चिन्ह 'संख्या' या टाइपक्लासचं, म्हणजे ठरावीक क्रिया चालणाऱ्या प्रकारांच्या गटाचं, आहे आणि तो क्लास पोत्यातल्या प्रकारांसाठीच बांधलेला आहे. म्हणून 'इंट#' साठी '+#' हे वेगळं चिन्ह. दिसायला ओबडधोबड, पण यंत्राच्या एका आज्ञेइतकं थेट.

दुसरी गोष्ट जावात नाही. ती खास लेझी, म्हणजे 'लागेल तेव्हा बघू' म्हणणाऱ्या, भाषांची आहे आणि मला वाटतं खरी गंमत तिथंच आहे.

चिठ्ठी कशाच्या बदल्यात देता येते? ज्याचा पत्ता देता येतो त्याच्या. मी तुम्हाला 'तिसरी थप्पी' असं सांगितलं, तर तिथं पोतं असेल किंवा अजून न आलेल्या पोत्याची चिठ्ठी असेल, तुम्ही जाऊन बघाल तेव्हा कळेल. पण मी तुमच्या ओंजळीत दाणेच ओतले, तर ओंजळीत दाणे आहेत. 'अजून यायचेत' असं सांगायला ओंजळीत जागाच उरत नाही. सुट्या आकड्याचं नेमकं असंच असतं. 64 बिटांच्या घरात 0 आणि 1 चे जितके नमुने बसतात, त्यातला प्रत्येक नमुना एक खरा आकडा आहे. 'हा आकडा नव्हे, ही चिठ्ठी आहे' असं म्हणायला एकही नमुना शिल्लक नाही. म्हणून 'इंट#' हा उशिरा येऊच शकत नाही, आणि न येणारा तर मुळीच होऊ शकत नाही. अनलिफ्टेड म्हणतात ते याला.

एवढं धरून ठेवलं की पुढचे नियम आपोआप गळ्यात उतरतात. फंक्शनच्या आत 'लेट' लावून सुट्या आकड्याला नाव दिलं तर जीएचसी ते गणित तिथंच करून टाकतो. उजव्या बाजूला कधी न संपणारं गणित असेल तर प्रोग्रॅम तिथंच अडकतो, मग त्या नावाचा पुढं वापर असो वा नसो. दिसायला ओळ तीच, वागणं उलट. नवशिक्याची इथं खरी फसगत होते, आणि ही एक गोष्ट कंपायलर ओरडून सांगत नाही.

फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर, कोणत्याही फंक्शनच्या बाहेर, सुट्या आकड्याला नाव देता येत नाही. साधा '5#' ठेवला तरी नाही. वरच्या पातळीवरची नावं कोणत्या क्रमानं मोजायची याचा हॅस्केलमध्ये नियमच नाही, कारण सगळी लागेल तेव्हा मोजली जातात. लागेल तेव्हा मोजता न येणाऱ्या वस्तूला तिथं कोण, कधी मोजणार? स्वतःचाच आधार घेणारी व्याख्याही बंद. पोत्यांच्या जगात 'य म्हणजे 1 आणि त्यामागं पुन्हा य' अशी न संपणारी लिस्ट सहज होते, कारण कडीत फक्त पत्ता लिहायचा असतो आणि स्वतःचा पत्ता स्वतःत लिहिता येतो. 'य म्हणजे य अधिक 1' यात य सुटा आकडा असेल तर ओतायला दाणे आणायचे कुठून? मात्र स्वतःला हाक मारणारं फंक्शन खुशाल सुटा आकडा घेऊ शकतं, देऊ शकतं. फंक्शन ही स्वतः पोत्यातली वस्तू आहे. बंधन किमतीवर आहे, तिला जन्म देणाऱ्यावर नाही. भाच्यानं हे वाक्य दोनदा विचारलं म्हणून इथं सांगून ठेवतो.

'लेट'मध्ये एखाद्या जोडीतून किंवा डब्यातून नमुना जुळवून (पॅटर्न मॅचिंगनं) सुटा आकडा बाहेर काढायचा असेल तर त्या नमुन्यापुढं उद्गारचिन्ह द्यावं, म्हणजे 'आत्ताच सोडायचं आहे' हे वाचणाऱ्यालाही दिसतं. न दिल्यास जीएचसी सूचना देतो.

आता एक बारीक भेद, जो बऱ्याच लेखांत गुलदस्त्यातच राहतो. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येतात. जीएचसीमध्ये 'अ‍ॅरे#' नावाचा प्रकार आहे. त्याच्या शेपटीलाही #, पण तो सुटा नाही. तो पत्त्यानंच पोचतो, गार्बेज कलेक्टरला ओळखीचा आहे. फक्त त्याच्या जागी चिठ्ठी कधीच नसते, पत्त्यावर गेलात की माल असणारच. बॉक्स्ड आहे, पण अनलिफ्टेड. पोतं आहे, उधारी नाही! तरीही साध्या लिस्टमध्ये त्याला जागा नाही, कारण लिस्ट दोन्ही गोष्टी मागते. 2021 मध्ये आलेल्या 9.2 या आवृत्तीपासून तर आपले स्वतःचे असे उधारीबंद प्रकारही लिहिता येतात.

वर्षानुवर्षं हे निर्बंध कंपायलरमध्ये जरा ठिगळं लावून सांभाळलेले होते. खरी शिस्त आली ती 8.0 या आवृत्तीत, मे 2016 मध्ये. तो उन्हाळा आम्ही लातूरकर विसरूच शकत नाही. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, दारापुढं घागरींच्या रांगा होत्या. त्याच दिवसांत मी ही आवृत्ती उतरवून घेतल्याचं आठवतं. तिच्यात प्रत्येक प्रकाराच्या माथ्यावर त्याचं रूप लिहिलं जायला लागलं: हा पत्त्यानं येतो, हा पूर्णांकाच्या रजिस्टरमध्ये येतो, हा दशांशाच्या. मग 'कोणत्याही रूपासाठी' चालणारं फंक्शनही लिहिता यायला लागलं, पण एका अटीवर. रूप माहीत नसलेली वस्तू फंक्शननं हातात घ्यायची नाही आणि दुसऱ्याला द्यायचीही नाही. रिचर्ड आयझेनबर्ग आणि सायमन पेटन जोन्स यांनी 2017 मध्ये या अटीची नीट मांडणी केली.

हातात घ्यायचं नाही म्हटल्यावर उरलं काय? उरतं ते 'एरर' हे फंक्शन. ते फक्त संदेश घेतं आणि प्रोग्रॅम थांबवतं. त्याचं उत्तर कागदोपत्री कोणत्याही रूपाचं असू शकतं, अगदी 'इंट#' सुद्धा, कारण ते उत्तर कधी परत येतच नाही. न येणाऱ्या मालाला कोणता हुक लागेल याची चिंता कुणी करायची?

एक बंधन तर आता इतिहासजमा झालंय. 'न्यूटाइप', म्हणजे जुन्याच वस्तूला दिलेलं नवं नाव, पूर्वी सुट्या आकड्यांना देता येत नसे. 2020 च्या 8.10 पासून एक एक्स्टेन्शन चालू केलं की देता येतं. त्या बंदीमागं यंत्राची अडचण नव्हती, नियम मांडायची भाषा तेव्हा तोकडी होती.

रात्री जेवणं झाल्यावर भाचा परत बसला. मी त्याला सगळे # पुसायला लावले. लिस्ट साध्या 'इंट'चीच ठेवली. रखडण्याचं मूळ लिस्टमध्ये नव्हतंच, बेरजेत होतं. तो ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरनं स्वतःहून करायच्या वेगाच्या सुधारणा, बंद ठेवून चालवत होता, त्यामुळं चालू बेरीज मोजली न जाता चिठ्ठीवर चिठ्ठी अशी लाखो चिठ्ठ्यांची माळ तयार होत होती आणि शेवटी ती एकदम उलगडत होती. चालू बेरजेच्या नावापुढं त्यानं एक उद्गारचिन्ह दिलं आणि ऑप्टिमायझेशन चालू केलं. खरं तर ऑप्टिमायझेशन चालू असलं की उद्गारचिन्हाची गरज नव्हती, असल्या सोप्या फंक्शनमध्ये बेरीज शेवटी लागणारच हे जीएचसी स्वतः ओळखतो. पण लिहिणाऱ्याचा हेतू ओळीत दिसावा असं मला वाटतं.

प्रोग्रॅम पळाला. मग मी त्याला जीएचसीचा मधला टप्पा, ज्याला कोअर म्हणतात, तो पडद्यावर काढून दाखवला. त्याच्या बेरजेच्या फंक्शनची कंपायलरनं दोन फंक्शन केली होती. एक नावापुरतं: येणाऱ्याचं पोतं सोडायचं, आत द्यायचं, उत्तर आलं की पुन्हा शिवून बाहेर द्यायचं. दुसरं आतलं, राबणारं, जे लिस्टभर फिरत होतं.

"मामा, हे बघा," त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. आतल्या फंक्शनच्या टाइपमध्ये 'इंट#' दोनदा होता, एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना.